आत काळोख आहे

दिगूमामाने एकतीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात नोकरी केली आणि एकही सिनेमा पाहिला नाही. चिक्कडपल्लीच्या पुढे सिनेमागृहांची ओळ लागते. तिथल्या एका जुन्या थिएटरात तो बाल्कनीच्या दारावर उभा असे. तिकीट घ्यायचं, मधोमध फाडायचं, अर्धं तारेत ओवायचं, अर्धं परत द्यायचं, आणि माणूस आत पाऊल टाकणार तेवढ्यात सांगायचं, "आत काळोख आहे."

हे तो मराठीत सांगे. समोरचा तेलुगू बोलणारा असो की उर्दू, दिगूमामाचं वाक्य बदलत नसे. नेहमीची मंडळी "हौ काका, मालूम है" म्हणत आणि तरीही पाय जरा जपून टाकत. सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्याला तो हे सांगे, तसंच सगळे दिवे लागलेले असताना येणाऱ्यालाही सांगे. मी एकदा म्हटलं, "मामा, दिवे चालू आहेत की." तो माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "होईल की." पुढे मी वाद घातला नाही.

डोळ्यांत तो कुणाच्याच बघत नसे. खांद्याकडे बघे. आपण बोलत असताना आपल्या खांद्यावर एखादं पाखरू बसलंय की काय असं वाटायचं. उंच, हडकुळा, मान ताठ, पिस्ता रंगाचे दोन शर्ट आलटूनपालटून. ते विरले की मावशी त्याच ताग्यातलं कापड शोधायला कोटीचा सगळा बाजार पालथा घालायची.

मावशी म्हणजे सुमनमावशी, त्याची थोरली बहीण. बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर ही दोघं आणि त्यांची म्हातारी आई राहायची. मूळचे उदगीरकडचे शेतकरी. आजोबा निजामाच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. मावशी वीजखात्यात कारकून होती. तिनं लग्न केलं नाही आणि का केलं नाही, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या त्या घराच्या जिन्याला खिडकी नव्हती, भर दुपारीसुद्धा भिंत चाचपत उतरावं लागे. कुणी वरून निघालं की दिगूमामा दाराशी येऊन उभा राही आणि पहिल्या पायरीवर पाय पडताच सांगे, "आत काळोख आहे." जिना उतरताना 'आत' कसं, हा प्रश्न आम्हा पोरांना पडायचा. त्याला पडला नसावा.

सिनेमा सुरू झाला की दारावरच्या माणसाला काम नसतं. बाकीचे डोअरकीपर कँटीनमध्ये जाऊन बसत, नाहीतर आत मागे उभे राहून सिनेमा बघत. दिगूमामाला आतला आवाज सोसत नसे. तो बाहेर राही, दार नीट लावून घेई आणि उजवा तळवा दारावर टेकवून उभा राही. दार थरथरायचं. गाणं आलं की थरथर वेगळी, मारामारी आली की वेगळी, आणि हजार माणसं एकदम हसली की अजून वेगळी. हसण्याची थरथर आली की त्याचा डावा हात कानाशी जाऊन भराभर हलायचा. त्याला मजा वाटायची. मी शाळेत असताना एकदा त्याचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा त्यानं मला विचारलं, "हात लावतीस का?" एवढी मोठी गोष्ट त्यानं मला देऊ केली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी हात लावला, माझ्या हाताला गुदगुल्या झाल्या, आणि मी हसत घरी पळाले.

त्याला ऑटिझम आहे हे नाव घरात आलं तेव्हा तो चाळिशीच्या पुढे गेला होता. मावशीच्या ऑफिसातल्या कुणीतरी डॉक्टर सुचवला, त्यानं कागदावर लिहून दिलं. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात असं मी तिला सांगितलं. मावशी म्हणाली, "नाव मिळालं म्हणून काय, भातावर दही पडलं की खरकटं समजून ताट ढकलतोच की. दही वाटीत, भात ताटात." मला तो शब्द तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. दारावर तळवा ठेवून हजार माणसांचं हसू हातात घेणाऱ्या माणसाला स्वतःत मग्न कसं म्हणायचं?

तो गरीब गाय होता असं मात्र कुणी समजू नये. चांगला खाष्ट होता. कँटीनवाल्या यादगिरीशी त्याचं वाकडं होतं, कारण त्यानं एकदा उस्मानिया बिस्किटाच्या बशीत खारी ठेवली होती. त्या गोष्टीला अकरा वर्षं होऊन गेली तरी दिगूमामा त्याच्या चहाकडे पाठ करून उभा राही. माझ्या वडिलांच्या चपला वाकड्या दिसल्या की सरळ करी आणि वर वडिलांना "गबाळा" म्हणे. थिएटरमालकाचा नवा जावई पहिल्यांदा पाहुण्यांना घेऊन बाल्कनीत आला तेव्हा यानं हात आडवा घातला. "तिकीट." मॅनेजर धावत आला, "अरे दिगंबर, घरचे आहेत." दिगूमामा म्हणाला, "तिकीट." शेवटी मॅनेजरनं खाली जाऊन पाच तिकिटं फाडून आणली, तर यानं तीही परत केली, कारण फाडायचं काम त्याचं होतं. जावयानं खाली जाऊन कोरी तिकिटं आणली. त्याला म्हणे हसू आवरेना. पुढे तो आला की स्वतःच तिकीट काढून रांगेत उभा राही.

त्याची आई गेली तेव्हा दिगूमामा रडला नाही, आणि लोकांनी ते बघून ठेवलं. विद्युतदाहिनीपाशी आम्ही वीसएक माणसं होतो. तिचा देह ठेवलेला ट्रे आत सरकायला लागला तसा तो गर्दीतून पुढे झाला, अगदी त्या लोखंडी दारापाशी, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आई, सांभाळून. आत काळोख आहे." दार खाली आलं. त्यानं तळवा पुढे केला होता, पण दार तापलेलं असणार, म्हणून तिथल्या माणसानं त्याचा हात धरला. दिगूमामाला कुणी धरलेलं सोसत नाही. तरी त्या दिवशी त्यानं तो हात झटकला नाही.

ही गोष्ट मी विकली. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मी सिनेमात लिहिते. म्हणजे एका तेलुगू डायरेक्टरच्या हाताखाली असलेल्या चार लेखकांपैकी मी एक होते. मोठा हिरो होता, आणि त्याला 'वेगळा रोल' हवा होता. बैठकीत सगळे गप्प बसले असताना मी दारावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. तळवा सांगितला, तिकीट सांगितलं, वाक्य सांगितलं. डायरेक्टर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "सब ठीक है मॅडम, मगर इस का पॉवर क्या है?"

मी म्हटलं, "पॉवर काही नाही सर. तो दारावर असतो."

"गिनती वगैरा? तारीखां? कुछ तो करता हुंगा."

"हिशोब त्याला जमत नाही. हाताची बोटं मोजतो."

"फिर पब्लिक को क्या देना?"

माझी नोकरी जाईल असं मला वाटलं. चहा आला होता, तो प्यायच्या आत मी विद्युतदाहिनीपुढची गोष्ट सांगून टाकली. डायरेक्टरनी डोळे पुसले आणि म्हणाले, "येच हमारा क्लायमॅक्स."

मी मावशीला विचारायला गेले, हे खरं. ती गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. दाहिनीचंही सांगितलं, जरा घाईनं.

"दिगू दिसणार सिनेमात?" तिनं विचारलं.

"तो नाही. त्याच्यासारखा माणूस. हिरो करणार."

"लोकं बघतील?"

"लाखो बघतील मावशी."

तिनं गवारीची शीर ओढून काढली. "मी अडुसष्टची झाले. माझ्यामागं ह्याचं कसं होणार, ह्या काळजीनं डोळ्याला डोळा लागत नाही. हा असा का वागू लालाय हे लोकांना कळलं, तर त्यातला एखादा तरी ह्याच्याशी नीट वागेल की नाही? कर तू. बरंच आहे."

तिनं परवानगी दिली ती ह्यासाठी दिली होती. मला ते नीट ऐकू आलं होतं.

हिरो तीन दिवस थिएटरात आला. टोपी, चष्मा, कुणी ओळखलं नाही. माणूस चांगला होता, मनापासून शिकत होता. दिगूमामाच्या शेजारी उभं राहून त्यानं तिकीट फाडण्याची तऱ्हा उचलली, तळवा उचलला, कानाशी हलणारा हात उचलला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आत हशा पिकला. दिगूमामाचा डावा हात कानाशी गेला, आणि त्याला दिसलं की शेजारच्या माणसाचा हातही तसाच हलतोय. त्यानं आपला हात खाली आणला. मग दोन्ही हात खिशात घातले आणि खेळ संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मी पाच पावलांवर होते. सगळं बघितलं.

सिनेमा त्याच थिएटरला लागला. पहिल्या खेळाला मावशी नारायणपेठ नेसून आली. दिगूमामानं तिचं तिकीट फाडलं, "आत काळोख आहे" सांगितलं, आम्ही बाल्कनीत बसलो.

पडद्यावर हिरो आला. मान वाकडी. मी ती मान पटकथेत लिहिलेली नव्हती, पण सिनेमात ह्या माणसांची मान वाकडी असतेच. त्यांच्या ओठांवर लहान मुलाचं हसू असतं, त्यांना सूड माहीत नसतो, यादगिरीच्या चहाकडे ती अकरा वर्षं पाठ फिरवत नाहीत. त्यांना काहीतरी अचाट येत असतं. आमच्या हिरोला दारावर तळवा ठेवून तळघरातल्या बाँबची टिकटिक कळत होती. आणि शेवटी ती माणसं दुसऱ्या कुणाला तरी शहाणं करून एक तर मरतात, नाहीतर बरी होतात. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. बाँबचा सीन तर मीच लिहिला होता.

हिरोनं पहिलं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "लोपल चीकटी उंदी." आत काळोख आहे. त्यानं ते लांबवून, नाकात म्हटलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. शिट्ट्या, कागदाचे तुकडे, हशा. मावशीही हसली. भावाचं वाक्य पडद्यावर ऐकून तिला आनंद झाला होता. हशा लांबला तशी ती हसायची थांबली आणि मागे वळून दाराकडे बघायला लागली. दाराच्या पलीकडे तो तळवा टेकवून उभा असणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सिनेमात ते वाक्य नऊ वेळा होतं. आठ वेळा हसण्यासाठी आणि नवव्यांदा दाहिनीपुढे, सारंगीबरोबर, रडण्यासाठी. त्यानंतर हिरॉईन धावत येऊन त्याला मिठी मारते, त्याची मान सरळ होते आणि तो तिच्या डोळ्यांत बघतो. शेजारच्या बायका हुंदके देत होत्या. डायरेक्टर मुलाखतीत पुढे म्हणालेसुद्धा, की ह्या वाक्यात आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान आहे. तत्त्वज्ञान कसलं? तिथे पायऱ्या होत्या, अंधारात माणसं पडायची, तो साधी माहिती देत होता.

मावशी हळूच म्हणाली, "दिगूला असं धरलेलं चालत नाही गं."

"माहीत आहे मावशी."

"मग?"

तो 'मग' अजून माझ्यापाशी आहे. भांडी घासताना येतो, सिग्नलला थांबले की येतो.

त्याआधी, इंटरवलला बाहेर गेलेले लोक परत आले तेव्हा दिगूमामा दारावर होताच. त्यानं पहिल्या माणसाला सांगितलं, "आत काळोख आहे." तो माणूस थबकला, मागे वळून मित्रांना ओरडला, आणि जिनाभर हशा झाला. त्या दिवसापासून लोक सिनेमा बघायला कमी आणि त्याच्या हातून तिकीट फाडून घ्यायला जास्त येऊ लागले. फोन समोर धरून म्हणत, "डायलॉग बोलो काका." तो म्हणायच्या आधी तेच नाकात, मान वाकडी करून म्हणत. मॅनेजरही सुरुवातीला खूश होता. त्यानं दाराशी दिगूमामाचा मोठा फोटो लावला.

तिकीट फाडणं आणि वाक्य म्हणणं हे दिगूमामाच्या लेखी एकच काम होतं. वाक्य दुसऱ्यानं आधीच म्हटलं की त्याला कळेना आता काय करायचं. तो फाटलेलं तिकीट हातात धरून उभा राही, मागे रांग तुंबे आणि रांगेला वाटे की हाही गमतीचा भाग आहे. जुनी 'हौ काका' म्हणणारी माणसं त्या गर्दीत कुठे गेली कुणास ठाऊक. त्याच्याशी नीट वागणारी माणसं मावशीला हवी होती ना, ती त्या दारावर होतीच. एकतीस वर्षांत एकेक करून जमली होती. आमच्या सिनेमानं ती तीन आठवड्यांत पांगवली.

चौथ्या आठवड्यात एक बाई आल्या. सिनेमा दुसऱ्यांदा बघून, डोळे भरून बाहेर पडल्या आणि त्यांनी दिगूमामाला मिठी मारली. त्यांच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यानं त्यांना ढकललं. बाई दोन पायऱ्या खाली पडल्या, मनगट मोडलं. लोक चिडले. ज्याच्यासाठी ते आत रडले होते त्याच्याच अंगावर ते बाहेर धावून गेले. कुणीतरी म्हणाला, "पिक्चर में तो ऐसा नै था." यादगिरीनं कँटीनचं टेबल मध्ये ओढून त्याला मागच्या दारानं काढलं, म्हणून तो घरी पोचला.

मॅनेजरनं थोडे दिवस घरी राहायला सांगितलं. ते थोडे दिवस संपले नाहीत. दोन महिने दिगूमामा खेळाच्या वेळेला पिस्ता शर्ट घालून निघायचा, समोरच्या बसस्टॉपवर उभं राहून बाल्कनीच्या जिन्याकडे बघायचा आणि घरी यायचा. मग तेही थांबलं. मी ह्या काळात बरकतपुऱ्याला फिरकले नाही. आम्ही तेव्हा हिमायतनगरला राहायला गेलो होतो, चालत वीस मिनिटांची वाट. मी पुढच्या सिनेमात गुंतले आहे असं मावशीला फोनवर सांगायची. ती म्हणायची, "असू दे गं, काम आहे."

मग एक दिवस तिचाच फोन आला. ती दोघं उदगीरला चालली होती, चुलतभावाच्या घरी. "इथं गल्लीतबी त्याला बघून तेच म्हणू लालेत. तिथं तेलुगू सिनेमा कोण बघतंय? तू येऊन जा."

मी दुपारी गेले. सामान बांधून झालं होतं. दिगूमामा खुर्चीवर बसून होता, मांडीवर तारेत ओवलेली अर्धी तिकिटं. मी सोबत उस्मानिया बिस्किटं नेली होती, त्यानं ती मोजून बशीत लावली. मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं." तो माझ्या खांद्याकडे बघत राहिला. मग त्यानं एक बिस्किट मला दिलं, पण ते तुटलेलं होतं म्हणून दिलं असणार.

स्वयंपाकघरात मावशी म्हणाली, "ते म्हणायचंच सोडलंय त्यानं. घरातबी म्हणत नाही. काल दूधवाला जिना उतरला, हा नुसता उभा. तुझ्यापाशी म्हणेल बघ. तू घरची आहेस."

मी निघाले. दिगूमामा उठून नेहमीसारखा दाराशी आला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. मागे मावशी थांबली होती, तिनं भिंतीला हात टेकला होता. त्यानं तोंड उघडलं. मग त्यानं जिन्यात वर पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मागे मावशीकडे पाहिलं. कुणी हसायला उभं आहे का, हे तो बघत होता. सगळ्यात शेवटी त्यानं माझ्याकडे पाहिलं, खांद्याकडे नाही, तोंडाकडे. जन्मात पहिल्यांदाच.

त्यानं तोंड मिटलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

मी भिंत चाचपत उतरले. पायऱ्या मला पाठ आहेत, तरी प्रत्येक पायरीवर जरा थांबत होते, वेळ देत होते. खालच्या दारातून उन्हात आले तरी वरून काही ऐकू आलं नाही.